आधी आईचं नाव

एकतीस वर्षं मी पुन्ता अरेनासच्या विमानतळावर
वारा मोजला.
दर तासाला एक आकडा, एक दिशा.
ह्या गावात चौकाचौकांत दोर बांधलेले असतात
माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि टोपी उडाली तर कुणी मागे धावत नाही,
ती सामुद्रधुनीची झाली असं समजतात.

निवृत्त झाले त्या हिवाळ्यात
एर्विन काइचेओकडून काचेची पेटी करून घेतली.
"मासे?" त्याने विचारलं.
"बिगोनिया."
तो कडांवरून अंगठा फिरवत राहिला,
फट कुठे राहिली नाही ना, एवढंच बघत.

आत शेवाळ, चुन्याचे खडे, एक पांढरा दिवा
आणि ओल. नव्वदच्या खाली काटा उतरला की
मी रात्री उठते, तान्ह्यासाठी उठावं तशी.
बाहेर खिडक्या दातओठ खात असतात.
आत पान हलत नाही.
एका पानावरचा थेंब
मंगळवारी होता तो शुक्रवारीही तिथेच.
असलं काही मी नोकरीत कधी नोंदवलं नव्हतं.

एक बोर्निओतल्या गुहेच्या तोंडाशी वाढणारी,
काळपट पानांची, अंगभर गुलाबी लव;
दुसरा व्हिएतनामच्या कड्यावरचा, चंदेरी ठिपक्यांचा.
दोघांची गाठ या जगात पडायची नव्हती.
मी कुंचला घेतला, श्वास धरला,
त्याचे पिवळे कण तिच्या पिळदार कुक्षीवर टेकवले
आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं
(शाई ओलीत टिकत नाही):
आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं.
नियमच आहे तसा.

लिहिताना हात थांबला.
माझे वडील ब्राच बेटावरून आले,
खिशात जैतुणाच्या बिया घेऊन, त्या इथे कधी रुजल्या नाहीत.
आई चिलोएची, बटाट्याच्या नऊ जाती
डोळे मिटून ओळखणारी.
लग्नात दोन्हीकडची माणसं
समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभी होती म्हणे.
मी डानित्सा ओस्तोइच नावेलकीन.
आमच्यात आईचं आडनाव शेवटी येतं,
आणि घाईतला कारकून
नेमकं तेच गाळतो.
मीही गाळलं. एकतीस वर्षं, प्रत्येक तक्त्याखालच्या सहीत.

सात आठवड्यांनी तिची तीन पंखांची शेंग वाळली.
बी कसलं, धूळच ती.
शिंक आली तर एक पिढी गेली.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मधे घडी असलेला पांढरा कागद पसरला,
शेंग टिचकीने फोडली,
आणि एर्विनने दार उघडलं.
ताजा पाव घेऊन आला होता बिचारा.

इतका छोटा वारा
मी आयुष्यात मोजला नसेल.
कागद कोरा.
आम्ही दोघं उभे, तो पाव छातीशी धरून.
मग त्याने वाकून घडी नखाने उलगडली.
घडीत तपकिरी काही होतं.
बी असेल, पावाचा चुरा असेल.
मी दोन्ही पेरलं.

एकोणीस उगवली. सतरा बुरशीने नेली,
एक माझ्या उतावळ्या पाण्याने.
उरली तिला आईचा काळोख आला, बापाचे ठिपके आले,
आणि देठावर एक लाली
जी दोघांच्याही घरात नव्हती.
ती फुलते. बी धरत नाही.
मीही धरलं नाही; त्यावर गावाला जे बोलायचं ते
बोलून झालंय.
पण तिचं पान शिरेवर कापून
ओल्या शेवाळावर ठेवलं, तर कापल्या जागी
ती पुन्हा सुरू होते.

आज एर्विनला एक रोप दिलं,
रुबार्बच्या मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत.
"हिचं नाव काय?"
चिठ्ठीवर होतं ना: आई, फुली, बाप, तारीख,
आणि जुन्या सवयीने त्या दिवशीचा वारा,
पश्चिम-वायव्य, बावन्न नॉट.
तो वाचत बसला नाही.
बरणी कोटाच्या आत घातली, गुंड्या लावल्या.
खिडकीतून दिसला मग चौकात:
एक हात दोरावर,
एक पोटाशी,
टोपी केव्हाच गेलेली.